पांढरं वर गेल्यावर

मला समुद्र आवडत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची फसवणूक नको. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्या किनाऱ्यावरच्या चार गावांत मिळून साठ-सत्तर मशिनं आहेत, खाऱ्या हवेने ती सारखी गंजतात, म्हणून वर्षातून दोनदा मला तिकडे जावं लागतं. एरवी मी पाण्याच्या बादलीलासुद्धा वळसा घालून जाणारा माणूस.

तिकडे जायचं कसं, असं लोक मला विचारतात. जसा काही मी तिकडचा जावईच! ऐका तर मग. बस शेवटच्या थांब्यावर सोडते आणि मागे वळून न बघता पळून जाते. तिथून तासभर चढ, तासभर उतार. पहिली दोन गावं पायी होतात. तिसऱ्या गावाला ओहोटी असताना वाळूवरून जाता येतं. मध्येच भरती लागली तर चार तास खडकावर बसायचं आणि आपल्या नशिबाला शिव्या द्यायच्या. चौथं गाव मात्र तीन बाजूंनी कड्यांत कोंडलेलं. कड्यावरून बकरीसुद्धा धड उतरत नाही, आणि ज्यांची हाडं शाबूत राहावीत अशी इच्छा आहे त्यांना बोटीशिवाय गत्यंतर नाही. त्यात गावाला धक्का नाही. दोनदा बांधला होता म्हणे. दोन्ही वेळा समुद्राने उचलून नेला.

म्हणजे बोट थेट वाळूवर घ्यावी लागते, फुटणाऱ्या लाटांतून. आणि खरी मेख इथेच आहे. आत येताना लाटा नावाड्याच्या पाठीमागून येतात. त्याने वळून बघितलं की सुकाणूवरचा हात हलतो, हात हलला की बोट आडवी होते, आणि आडव्या बोटीला लाट सोडत नाही. म्हणून नावाडी मागे बघतच नाही. तो बघतो समोर, गावाच्या उजव्या टोकाला जो उंच खडक आहे त्याच्यावर. तिथे एक बाई उभी असते. तिने लाल कापड वर धरलं असेल तर लाटा फुटतात त्याच्या बाहेर थांबायचं. पांढरं वर गेलं की यायचं. तिला त्या उंचीवरून लाटेमागची लाट दिसते, तिच्याही मागची दिसते. नावाड्याला काहीच दिसत नाही.

एक गोष्ट तिथे लहान मुलालाही ठाऊक आहे. पांढरं वर गेलं की मग लाल काढायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. निघालेला नावाडी लाल बघून थांबायला जातो, बोट फिरते, आणि मग सगळंच संपतं. बोट दिसली की वाळूवर वाट बघत बसलेली माणसं हात मांडीवर ठेवून गप्प बसतात. सख्खा भाऊ पाच वर्षांनी येत असला तरी कोणी हात हलवत नाही. फार पूर्वी एका हौशी पाहुण्याने मित्राला बघून पांढरा टॉवेल फडकवला होता. त्या दिवशी दोन माणसं गेली.

खडकावरच्या या बाईला सगळे बावटेकाकू म्हणतात. वय त्रेसष्ट. डोळे घारीचे आणि जीभ कात्रीची, अशी तिची ख्याती. तिच्या आधी तिचा बाप खडकावर उभा राहायचा. त्याला पाच मुली. चौघी लग्न करून कड्यापलीकडे गेल्या, ही राहिली. हिला सासर नको होतं, म्हणून नवराच इथे येऊन राहिला. सज्जन माणूस. जाळी विणायचा आणि बायकोशी वाद घालायचा नाही. दहा वर्षांपूर्वी तो तापाने गेला. मुलगा एकच, तो बोट चालवतो. म्हणजे काकूच्या खडकावरच्या एकतीस वर्षांतली शेवटची अकरा वर्षं आई खडकावर आणि मुलगा पाण्यात, अशी चालली होती. काकू लांबून बोट बघूनच सांगायची, "चौथ्या फळीवर बसलाय ना, तो आता ओकणार." आणि तो ओकायचा. मी पहिल्यांदा आलो तेव्हा तो चौथ्या फळीवरचा मीच होतो. तेव्हापासून ती मला 'मशीनवाले' म्हणते आणि म्हणताना हसते.

त्या खेपेला मी तिथे अडकलो. बोट पलीकडच्या गावी गेलेली, आणि समुद्राने तीन दिवस कोणाला आत घेतलं नाही, बाहेरही सोडलं नाही. काकूच्या सुनेने प्रवाशांसाठी दोन खोल्या ठेवल्यात, त्यातल्या एका खोलीत मी माशा मारत बसलो होतो. सगळी मशिनं झाली. फक्त काकूचं राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनेच हाक मारली.

"टाका सुटतोय हो मशीनवाले. बघा जरा. मागच्या वेळी काय करून गेलात कोण जाणे!"

तिची खोली लहान, खिडकीशी मशीन. शेजारी खुंटीवर दोन्ही कापडं, लाल आणि पांढरं, दोन काठ्यांना शिवलेली. मी मशीनचा दाबपाय वर केला, सुई बघितली आणि मला हसू आलं.

"काकू, सुई उलटी बसवलीय! चपटी बाजू कुठे आणि तुम्ही कुठे. काल शिकायला लागलेली पोरगी असं करत नाही."

"घाईत झालं असेल."

"चाळीस वर्षं मशीन चालवताय तुम्ही."

"मग काय फाशी देता का?"

मी सुई काढून नीट बसवली. दोरा ओवला. मग सहज खुंटीकडे लक्ष गेलं. लाल कापडाच्या कोपऱ्याला सुपारीएवढी घट्ट गाठ मारली होती. पांढऱ्याला नव्हती. आमच्या धंद्यात कापड सतत हातात असतं, गाठ उगाच कोणी मारत नाही. चांगल्या कापडाला तर नाहीच.

"ही गाठ कशाला?"

"असू दे. वाऱ्याने कापड उसवतं."

"उसवत नाही. मीच दुहेरी शिवण घालून दिलीय." मी डब्यातलं काळ्या दोऱ्याचं रीळ उचललं आणि तिच्यासमोर धरलं. "काकू, हा दोरा कुठल्या रंगाचा?"

"तुमच्या हातातला? तुम्हीच सांगा की. तुम्हाला दिसत नाही?"

"मला दिसतं."

मग तिने हात लांब करून दार चाचपलं आणि ओढून घेतलं.

"दुधातून बघितल्यासारखं दिसतं," ती म्हणाली. "उजेड कळतो. माणूस हलला तर कळतं. तुम्ही जाड आहात, तुम्ही तर छान कळता."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

दोन वर्षं! त्या दोन वर्षांत मीच चार वेळा त्या बोटीतून आत-बाहेर केलं होतं, पिशवी छातीशी धरून, त्या लाल-पांढऱ्या कापडावर जीव टांगून.

"अहो, मग बोट कशी घेता आत? हवेवर?"

"खडकाखाली पोकळी आहे. मोठी लाट आत शिरली की ढुम्म होतं. कानाला कळतं, पायाला कळतं. मोठ्या लाटा तीन-चार लागोपाठ येतात, मग जरा शांत होतं. शांत झालं की वीस मोजायचे आणि पांढरं वर करायचं. बोट कुठे आहे ते इंजिनवरून समजतं. कापड कुठलं ते गाठीवरून. दोन वर्षांत एक टोपलीसुद्धा भिजली नाही कोणाची."

"आणि मुलाला माहीत आहे?"

"खबरदार!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मशीनच्या डब्यातल्या सुया हलल्यासारख्या वाटल्या.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काकू, पोटचा पोरगा आहे तो! त्याच्या पाठीमागे काय येतंय ते त्याला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही, मग बघतंय कोण? अहो, हा मोतीबिंदू आहे, दुसरं काही नाही. शहरात अर्ध्या तासात काढतात."

"माहितेय मला. शहाणपण नका शिकवू. शहरात जायला बोटीत बसावं लागतं. बोट बाहेर काढायलाही खडकावर माणूस लागतं. मी बोटीत बसले तर वर कोण? तुमचं शिलाई मशीन?"

"शिकवा कोणाला तरी."

"शिकवलं की. दोघांना शिकवलं. एक शहरात पळाला. दुसरा एवढा घाबरट, की लाल खालीच घेईना. माझ्या पोराला अडीच तास बाहेर उन्हात वाळवलं त्याने."

"सुनेला?"

"तिला?" काकूने नाक मुरडलं. "तिला नऊ वर्षांत माझ्या चहात साखर किती घालायची ते कळलं नाही. लाट काय कळणार!"

मी म्हटलं, उद्या बोट आली की मी स्वतः तुमच्या मुलाला सांगणार. त्यावर ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. मांडीवरचं कापड सारखं करत राहिली.

"सांगा," ती म्हणाली. "सांगितलंत की तो त्याच दिवशी बोट बंद करेल. बोट बंद झाली की इथे त्याला काम काय? शहरात जाईल. आणि गेलेला मुलगा परत येतो ना, तो पाहुणा म्हणून येतो. चार दिवस राहतो, पाचव्या दिवशी पिशवी भरतो. मला नकोय तसा. मला हा रोजचा हवाय, भांडणारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहा घेऊन आली तेव्हा दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहाच प्यायलो. दुसऱ्याच्या घरातलं जळतं लाकूड कशाला उचला, असं मनाला समजावलं. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

दुपारी बोट दिसली. गाव वाळूवर जमलं. मीही पिशवी घेऊन गेलो. बोट रिकामी झाली की त्याच बोटीने मला निघायचं होतं. नऊ प्रवासी होते बोटीत, आणि दहावा काकूचा मुलगा. सकाळपासून वारा कड्यांवरून समुद्राकडे वाहत होता, इतका की समोरच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागत होतं. मी खडकाखाली उभा होतो, हातभर अंतरावर लाट आपटली, आणि आवाज आलाच नाही. वाऱ्याने तो उचलून समुद्रावर नेला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मला नाही ऐकू येत, म्हणजे तिलाही नाही.

वर काकू लाल कापड धरून उभी होती. तिचं तोंड समुद्राकडे नव्हतं, खाली होतं, पायांकडे. मग तिने मान वळवली आणि हाक मारली. शब्द कळला नाही, पण कोणाला हाक मारली ते कळलं.

मी चढलो. कसा चढलो ते विचारू नका. वर पोचलो तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"काही ऐकू येत नाही रे बाबा," ती म्हणाली. एरवी मला अहो-जाहो करणारी बाई. "पायालाही नीट लागत नाही. तू बघ. मी विचारेन तेवढंच सांग."

"मला लाटांतलं ओ की ठो कळत नाही!"

"तुझी अक्कल मागतच नाहीये मी. डोळे दे फक्त. बोटीमागे काळ्या रेघा किती?"

मी बघितलं. पाणी, पाणी आणि पाणी. डोळे ताणले तशा रेघा दिसायला लागल्या, लांबून येणाऱ्या, एकामागे एक.

"तीन. नाही, चार."

"नीट मोज. शेवटची जाड आहे की बारीक?"

"जाड."

"मग थांब. खाली कपारीत शेवाळाचा हिरवा पट्टा आहे. पांढरं पाणी त्याच्यावर चढतंय?"

"चढतंय."

असं किती वेळ चाललं? अर्धा तास तरी. बोट बाहेर वरखाली होत होती. एक माणूस डब्याने पाणी उपसत होता, न थांबता. एक बाई फळीला मिठी मारून बसली होती. काकूचा मुलगा मात्र ताठ बसलेला, एक हात सुकाणूच्या दांड्यावर, तोंड आमच्याकडे. एवढ्या लांबूनही मला कळत होतं की तो आमच्याकडेच बघतोय. आईकडे बघतोय. आणि आई त्याच्याकडे तोंड करून उभी होती आणि तिला तो दिसत नव्हता. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही भीती वाटत होती, न जाणो तेवढ्यात काही निसटलं तर.

"शेवाळावर?"

"चढलं... आता नाही चढलं. खाली राहिलं."

"परत बघ."

"खाली."

"परत."

"खालीच आहे, काकू!"

"मागे रेघ?"

मी बघितलं. सूर्य ढगाआडून बाहेर आला होता आणि पाणी नुसतं चकाकत होतं.

"दिसत नाही."

"दिसत नाही, की नाहीय?"

किती साधा प्रश्न. मी सांगायला हवं होतं की उजेडाने काही कळत नाही, थांबा. पण तो डब्याने पाणी उपसणारा माणूस मला बघवत नव्हता. लवकर संपावं एवढंच वाटत होतं.

"नाहीय," मी म्हटलं.

लाल खाली आलं. काकूने दुसऱ्या काठीचा कोपरा चाचपला, आणि पांढरं वर गेलं.

बोट निघाली. आणि ढग परत सूर्यावर आला, चकाकी विझली, आणि मला ती दिसली. बोटीमागे. जाड, काळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. एवढं सगळं माहीत असून, दोनदा-तीनदा ऐकलेलं असून, मी खाली वाकलो आणि लाल कापडाची काठी उचलली. माझ्या मनगटावर तिचा हात पडला. त्रेसष्ट वर्षांची बाई ती, पण माझी बोटं सुन्न झाली.

"लाट येतेय! मोठी! सोडा मला!"

"टाक ते खाली!" ती किंचाळली. "मारशील त्याला! खाली टाक! किती मागे आहे?"

"दोन... दोन बोटींएवढी!"

तिने मला सोडलं नाही. एका हाताने मनगट धरून दुसऱ्या हाताने तिने पांढरं कापड डोक्याभोवती गोल फिरवायला सुरुवात केली. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, मुलाला होता. जीव घेऊन पळ, मागे बघू नकोस. त्याने बघितलं नाही. इंजिन फाटेल असा आवाज वाऱ्यातूनही आला. बोटीचं ढुंगण उचललं गेलं, पुढचं टोक खाली गेलं, आणि ती सरळच राहिली. सरळ! लाट तिला ढकलत वाळूपर्यंत घेऊन आली आणि तिच्या डोक्यावर फुटली. सगळं पांढरं झालं. मग गाव पाण्यात धावलं.

"मोज!" काकू माझं मनगट हलवत होती. "अरे मोज ना! किती आहेत?"

मी मोजले. आठ. पुन्हा मोजले. मग बोटीखालून एका म्हाताऱ्याला ओढून काढलं. नऊ. आणि तो, दहावा, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून खडकाकडे बघत होता.

"दहा," मी म्हटलं. तेव्हा कुठे तिने माझा हात सोडला, आणि होती तिथेच बसली.

म्हाताऱ्याचा हात मोडला होता, कोपराच्या वर. बाकीच्यांना खरचटलं होतं, एवढंच. काकूचा मुलगा ओल्या कपड्यांनी खडकावर चढून आला. मागोमाग सून. त्याने आधी मला गळपट्टीला धरलं.

"तुम्ही इथे वर काय करत होता? लाल कशाला उचललंत?"

"चूक माझी," मी म्हटलं. "मला रेघ दिसली नाही." पुढचं मी बोलणार होतो की नाही, मला खरंच माहीत नाही. काकूने बोलू दिलं नाही.

"त्याला सोड. मला दिसत नाही म्हणून मी त्याला बोलावलं. दोन वर्षं झाली, मला दिसत नाही."

मुलाने तिच्या चेहऱ्यासमोर हात हलवला, लहान मुलं हलवतात तसा. ती पापणीही न हलवता म्हणाली, "हलवतोयस ते कळतंय. बोटं कळत नाहीत."

"आई, गेल्या वर्षी शाळेची पोरं आणली मी. बावीस पोरं होती."

"मोजली होती मी. पाय वाळूवर टेकेपर्यंत श्वास घेतला नव्हता."

"बावीस पोरं, आई!" तो ओरडला आणि मग त्याला रडूच आलं. एवढा दांडगा माणूस, खडकावर उकिडवा बसून रडत होता. "बंद. आजपासून बोट बंद. पुन्हा नाव काढू नकोस."

"कर बंद," काकू म्हणाली. आवाज कापत होता, पण ताठा काही जात नव्हता. "आणि खाली तो म्हातारा हात लोंबकळत घेऊन पडलाय, त्याला कड्यावरून फेकणार का पलीकडे? तुला बाहेर काढणार कोण?"

खाली म्हातारा विव्हळत होता.

"मी दाखवते," सून म्हणाली.

"तू गप गं."

"गप्पच होते आजपर्यंत," सून म्हणाली. ती पदर पिळत होती. "आजची लाट मला वाळूवरून दिसली होती, आई. पांढरं वर जायच्या आधी. मी ओरडले. वाऱ्यात तुम्हाला ऐकू गेलं नाही."

"तुला कुणी शिकवलं लाट बघायला?"

"माझा नवरा असतो त्या बोटीत. नऊ वर्षं वाळूवर हात मांडीवर ठेवून बसते. दुसरं काय बघते मी?"



संध्याकाळभर काकूने सुनेला फैलावर घेतलं. एक परीक्षा झाली की दुसरी. तीन मोठ्या गेल्या की? चौथीचा भरवसा नाही. वारा बदलला की? मोजणी बदलते. पाणी तपकिरी दिसलं तर? खाली वाळू सरकलीय, डावीकडून घ्यायचं. प्रत्येक उत्तर बरोबर, आणि प्रत्येक बरोबर उत्तरानंतर काकूचा चेहरा जास्तच आंबट. शेवटी म्हणाली, "बोलायला काय जातं! खडकावर उभं राहिलं की कळेल." पण सकाळी तिने आपल्या हाताने दोन्ही काठ्या सुनेच्या हातात दिल्या, आणि स्वतः पायातल्या चपला काढून पिशवीत टाकल्या. मुलाने हट्टच धरला होता, म्हातारा हाडांच्या डॉक्टरकडे जाणार तर तू डोळ्यांच्या.

एकतीस वर्षांत ती बोटीत बसली नव्हती. चार जणांनी उचलून ठेवलं तेव्हा मला पहिल्यांदा ती लहानखुरी वाटली. म्हाताऱ्याला पुढे निजवलं होतं. मी आणि काकू मधल्या फळीवर. वारा पडला होता. कमरेएवढ्या पाण्यात माणसांनी बोट समुद्राकडे तोंड करून धरली होती. बाहेर जाताना नावाडी मान मागे वळवून खडकाकडे बघत असतो, तसा मुलगा बघत होता, हात इंजिनच्या दोरीवर.

काकूने माझं मनगट पकडलं, काल पकडलं होतं तिथेच. तिथे अजून दुखत होतं.

"काय वर आहे?"

"लाल."

ढुम्म, असा आवाज खडकाखालून आला. मग दुसरा. मग तिसरा. आज तिला सगळं ऐकू येत होतं. बोट प्रत्येक वेळी उचलली जायची आणि धरणाऱ्यांचे पाय वाळूवरून सुटायचे. मग शांत झालं. काकूचे ओठ हलायला लागले. ती मोजत होती. वीस झाले असावेत, कारण तिने माझ्या मनगटात नखं रुतवली.

"पांढरं आलं?"

"नाही. लालच आहे."

"गेली! वेळ गेली. सांगितलं होतं ना मी, घाबरट आहे ती, उभी राहील तशीच दिवसभर..." आणि तिने मान वर करून ओरडायला श्वास घेतला.

तो श्वास तसाच राहिला. समोर, आम्ही एव्हाना जिथे असतो तिथे, पाणी भिंतीसारखं उभं राहिलं आणि फुटलं. चौथी. तिचा फेस आमच्या तोंडावर आला. म्हातारा ओरडला. धरणाऱ्यांतला एक जण पडला आणि उठला. काकूला ती लाट दिसली नाही, पण ती कुठे फुटली ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळलं. वीस मोजून तिने पांढरं वर केलं असतं. दोन वर्षं ती तेच करत आली होती.

तोंडावरचं खारं पाणी तिने पुसलं नाही. आम्ही थांबलो. आणखी एक ढुम्म झालं, बारीक. मग काहीच नाही. मी खडकाकडे बघत होतो, आणि सुनेच्या हातातलं लाल खाली आलं.

"पांढरं," मी म्हटलं. "काकू, पांढरं वर गेलं."

मुलालाही ते दिसलं होतं. तरी त्याने दोरी ओढली नाही. अकरा वर्षांची सवय. त्याची मान खडकावरून उतरली आणि आईच्या तोंडावर येऊन थांबली.

"आई, जाऊ?"

माझ्या मनगटावरची बोटं अजून मोजत होती, एक, दोन, तीन, मला ते कळत होतं. मग ती बोटं थांबली.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस मेल्या?" ती ओरडली. "बायकोकडे बघ!"